नोझलचा ठोका की बेअरिंगचा? नट सैल करून हे कळत नाही

दर वर्षी ऑगस्ट उजाडला की हा घोळ सुरू होतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्या दोन महिन्यांत बोटीचं इंजिन खोलून ओव्हरहॉल केलेलं असतं. लायनर-पिस्टन नवे, क्रँक ग्राइंड करून आणलेला, शेल (बेअरिंगच्या अर्धगोल वाट्या) नवे. इंजिन भरून पहिला स्टार्ट मारला की आतून टक, टक, टक. मग मिस्त्री सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करत जातो. दोन नंबरचा नट सैल केला आणि ठोका थांबला, की तिथल्या तिथे निकाल लागतो: नोझल, म्हणजे इंजेक्टरचं टोक, खराब.

नट सैल करणं बरोबर. त्यावरून काढलेला निकाल चूक. गेली कित्येक वर्षं हे सांगून माझा घसा बसला आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

नोझलचा ठोका तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर फार बोलत नाही. डिझेल सिलिंडरमध्ये पडल्यावर पेट घ्यायला क्षणभर उशीर लागतो. तेवढ्यात जास्त डिझेल साठलं, किंवा ते वेळेआधीच पडलं, की सगळं एकदम भडकतं आणि हेडवर छिन्नी मारल्यासारखा कडक आवाज येतो. ओव्हरहॉलनंतर मी तीन जागा आधी बघतो. नोझल थेंब गाळतंय का. इंजेक्टरखाली जुना तांब्याचा वॉशर चिकटून राहिला आणि त्यावर नवा बसवला असं झालंय का. आणि फ्लँजवर बसणारा डिझेल पंप असेल तर पंपाखालचे शिम जितके निघाले तितकेच परत गेले का. एक शिम हरवला तरी पंप कॅमच्या जवळ येतो, डिझेल लवकर पडतं आणि इंजिन ठोकायला लागतं. कागदासारखा पातळ पत्रा असतो तो, पुसायच्या चिंधीला चिकटून कचऱ्यात जातो.

आता मुद्द्याचं. नट सैल केला म्हणजे आपण त्या सिलिंडरचं डिझेल तोडलं. डिझेल नाही तर भडका नाही, भडका नाही तर नोझलचा ठोका नाही. इथपर्यंत सगळ्यांचं पटतं. पण बिग एंडच्या, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या, बेअरिंगचा ठोका कुठून येतो याचा विचार करा. शेल आणि जर्नल (शेलमध्ये फिरणारा क्रँकचा गोल भाग) यांच्यात फट जास्त आहे. वर भडका झाला की पिस्टन खाली ढकलला जातो, कनेक्टिंग रॉड ती फट ओलांडून जर्नलवर आदळतो, आणि तो आवाज आपण ऐकतो. म्हणजे हातोडा खालचा असला तरी तो चालवणारा हात वरचाच, त्याच भडक्याचा. डिझेल तोडलं की हातोड्यातला जोर जातो आणि बेअरिंगचा ठोकाही मंद होतो. इंजिन सावकाश फिरत असेल तर तो जवळजवळ ऐकूच येत नाही.

म्हणून नट सैल केल्यावर दोन्ही आवाज थांबतात. ती चाचणी तुम्हाला सिलिंडरचा नंबर देते, त्या सिलिंडरमध्ये काय बिघडलंय ते सांगत नाही. नंबर घ्या आणि पुढच्या तपासाला लागा.

नट सैल करताना एक सांभाळा. वर चिंधी धरा, बोट लावून डिझेल येतंय का ते बघू नका. छोट्या डिझेलचं नोझलसुद्धा २०० बारच्या आसपास उघडतं. तेवढ्या दाबाची धार कातडीतून आत शिरते. बाहेर टाचणीएवढं भोक दिसतं आणि आत मांस सडतं. तसं झालं तर दुखत नसलं तरी त्याच क्षणी दवाखाना.

मग फरक कसा ओळखायचा? माझा सगळ्यात जास्त भरवसा थ्रॉटल सोडण्यावर आहे. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, गिअर न्यूट्रल ठेवा, स्पीड अर्ध्याच्या जरा वर न्या आणि थ्रॉटल झटक्यात सोडा. पुढचे दोन-तीन सेकंद गव्हर्नर (स्पीड बघून डिझेल कमी-जास्त करणारा भाग) डिझेल बंद करतो आणि इंजिन नुसत्या फ्लायव्हीलच्या जोरावर फिरत उतरतं. त्या दोन-तीन सेकंदांत कान द्या. डिझेलच नाही, म्हणजे नोझलला ठोका काढताच येत नाही. तरी त्या वेळात आतून भरभर खडखड ऐकू आली, तर तो पिस्टनच्या वजनाने वर-खाली ओढला जाणारा रॉड आहे, ढिल्या बेअरिंगमध्ये हेलकावतोय. उलट स्पीड उतरताना सगळं गुळगुळीत आणि परत आयडलला, म्हणजे बिनलोडच्या संथ स्पीडला, आल्यावर टकटक सुरू, तर वर बघा, नोझल आणि टायमिंगकडे. ही चाचणी दोनदा पुरे, नव्या भरलेल्या इंजिनाला उगाच पिळू नका. आणि आवाज ढोल बडवल्यासारखा जड असेल तर चाचणीही नको, तिथेच बंद करा.

दुसरी खूण ऊन-थंडीची. नोझलचा ठोका सकाळच्या थंड स्टार्टला सगळ्यात वाईट असतो आणि इंजिन तापलं की उतरतो, कारण गरम सिलिंडरमध्ये डिझेल चटकन पेट घेतं. बेअरिंगचं बरोब्बर उलटं. थंड असताना जाड ऑइल फट भरून काढतं, आवाज दबलेला असतो. अर्ध्या तासाने ऑइल पातळ झालं की ठोका वर येतो. धक्क्यावर पाच मिनिटं इंजिन चालवून "आता बरं वाटतंय" म्हणणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो. बोट दोरांनी पक्की बांधा, गिअर टाकून लोड द्या, तासभर चालवा आणि मग बोला.

तिसरं, इंजेक्टरची अदलाबदल. दोन नंबरचा इंजेक्टर एकवर लावा, एकचा दोनवर. ठोका इंजेक्टरबरोबर गेला तर इंजेक्टर दोषी. जागेवरच राहिला तर निदान त्या इंजेक्टरला तरी दोष देऊ नका. दोन नवे कॉपर वॉशर आणि अर्धा तास एवढाच खर्च. एवढं करण्याआधी नोझल कॅलिब्रेशनला (पंपवाल्याकडे तपासून जुळवायला) पाठवणं हा मालकाच्या पैशांचा अपव्यय आहे, मग तो पाठवणारा कितीही जुना मिस्त्री असो.

ऑइल प्रेशरवर मात्र विसंबू नका. काटा पडला तर बेअरिंगवर संशय घ्याच, पण काटा जागेवर आहे म्हणून सगळी बेअरिंग ठीक, असं होत नाही. एकच बेअरिंग ढिलं असेल तर त्यातून जास्तीचं वाहून जाणारं ऑइल पंप सहज भरून काढतो.

बाकीचे आवाज पटापट सांगतो. टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) टिकटिक हलकी असते, फीलर गेज म्हणजे फट मोजायची पट्टी घालून विषय संपवा. गिअर न्यूट्रल केल्यावर जो आवाज जातो तो गिअरबॉक्स, कपलिंग किंवा पाण्यातल्या पंख्याचा, त्यासाठी इंजिन खोलू नका. पिस्टन हेडला किंवा व्हॉल्व्हला लागत असेल तर डिझेल तोडूनही आवाज तसाच राहतो. ते हेड बसवायच्या आधी शिशाची तार ठेवून मोजलं नाही त्याचं फळ. पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या गजन पिनचा आवाज बारीक आणि बऱ्याचदा दुहेरी असतो. तोही थ्रॉटल सोडल्यावर बोलतो, आणि त्यालाही खोलण्यावाचून इलाज नाही.

दोन गोष्टी मी माझ्या हाताखालच्या पोरांना करू देत नाही. एक, ठोका दाबायला जाड ऑइल टाकणं. त्याने फट कमी होत नाही, नुसती ऐकू येईनाशी होते. दुसरी, "रनिंगमध्ये बसेल" म्हणून बोट सोडणं. पिस्टन रिंगा रनिंगमध्ये बसतात. बेअरिंगची फट रनिंगमध्ये वाढतच जाते, शेवटी शेल फिरतो, रॉड तुटतो आणि ब्लॉक फोडून बाहेर येतो. तेव्हा बोट किनाऱ्यापासून कितीही मैलांवर असू शकते आणि तिच्यावर माणसं असतात.

काही वर्षांपूर्वी हर्णैला एका दोन सिलिंडरच्या बोटीवर मला बोलावलं होतं. नारळी पौर्णिमा दोन दिवसांवर आली होती. बोट रंगवून तयार, मालकाच्या घरी पाहुणे आलेले. दोन नंबरचा नोझल दोनदा पंपवाल्याकडे जाऊन आला होता, तिसऱ्यांदा नवाच घातला होता. ठोका कायम. नट सैल केला की मात्र थांबत होता, म्हणून सगळे नोझललाच धरून बसलेले. मी आधी इंजेक्टर अदलून बघितले, ठोका दोनवरच राहिला. पाऊण तास इंजिन तापवलं आणि थ्रॉटल सोडला. खाली क्रँककेसच्या दाराला हात टेकून बसलेला खलाशी आपण होऊन म्हणाला, "दादा, हाताला लागतोय."

दार उघडलं, दोन नंबरच्या रॉडची खालची कॅप काढली. कॅप आणि रॉडवरचे नंबर जुळत होते, बोल्ट टाइट होते. शेल बोटाने पुसून उलटा केला आणि पाठीवरचा शिक्का बॅटरीच्या उजेडात धरला. स्टँडर्ड, म्हणजे ग्राइंड न केलेल्या क्रँकचा. एक नंबरचा काढला, त्यावर ०.२५. क्रँक तर दोन्हीकडे ०.२५ मिलिमीटरने ग्राइंड केलेला. भरणाऱ्याच्या हातात दोन खोकी होती आणि एक चुकीचं उघडलं गेलं होतं. जर्नल साधारण ६० मिलिमीटरचा, तिथे फट असायला हवी ०.०६ च्या आसपास, आणि ती होती ०.३ च्या वर. शेलवर नुकती चमक उठायला लागली होती, जर्नलला ओरखडा नव्हता. खोक्यात योग्य जोडी तशीच पडून होती. ती लावली, प्लास्टिगेजचा (दाबून चपटा होणारा) धागा घालून फट मोजली आणि संध्याकाळी इंजिन चालू केलं. मालकाने नव्या नोझलचे पैसे परत मिळतील का असं विचारलं. तो बसवलेला होता, परत घेणार कोण?