लघवीची नळी, गढूळ लघवी आणि घाईची अँटिबायोटिक्स

नळी घातलेला रुग्ण घरी आला, की काही आठवड्यांत लघवी गढूळ होते, वास येतो. रिपोर्टमध्ये ‘पस सेल्स (पू-पेशी) भरपूर’, कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, ई. कोलाय किंवा क्लेबसिएला हे जंतू. लगेच अँटिबायोटिक सुरू होतं. बहुतेक वेळा त्याची गरज नसते.

नळी असेपर्यंत दररोज 3 ते 7 टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू शिरतात. महिनाभरात ते जवळपास सगळ्यांच्याच लघवीत सापडतात. ते नळीला चिकटून बुळबुळीत थर बनवतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. या थरात औषध पुरेसं पोचत नाही, शिवाय आतले जंतू संथ वाढतात, त्यामुळे वाढत्या जंतूंना मारणारी औषधं तिथे निष्प्रभ ठरतात. कोर्स संपतो, थर तसाच राहतो आणि औषधाला न जुमानणारे जंतू मागे उरतात. आतड्यातही हेच घडतं. एका जातीचे जंतू दुसऱ्या जातीला प्रतिकाराची जनुकं देतात. एनडीएम हे जनुक तर कार्बापेनेमसारखी राखीव औषधंही निकामी करतं.

म्हणून गढूळपणा, वास किंवा पस सेल्स एवढ्यावरून औषध मागू नका. गरोदरपण आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया हे अपवाद. ताप, हुडहुडी, कुशीत दुखणं, अचानक आलेली असंबद्धता ही लक्षणं मात्र अंगावर काढू नका, डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. सोबत रक्तदाब घसरला किंवा श्वास वाढला, तर थेट रुग्णालय गाठा.

नमुना घेण्यात सर्वाधिक चुका होतात. बॅगेतली लघवी कल्चरला कधीच देऊ नये. तिथे जंतू तासन्‌तास वाढलेले असतात. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर आधी ती बदलून घ्यावी आणि नव्या नळीतून नमुना घ्यावा, नाहीतर रिपोर्ट जुन्या थराचाच येतो. हे सारं अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी. नमुना दोन तासांत लॅबमध्ये पोचावा. नाहीच जमलं तर फ्रिजमध्ये ठेवावा, फ्रीजरमध्ये नव्हे.

रोजची काळजी साधी असली तरी काटेकोर हवी. बॅग मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता. रुग्णाला कुशीवर वळवताना ती पलंगावर ठेवली, की लघवी उलटी वर जाते. दोन-तृतीयांश भरण्याआधी रिकामी करा; भांडं त्याच रुग्णाचं, बॅगेची तोटी भांड्याला न लावता. आधी आणि नंतर 40 ते 60 सेकंद साबणाने हात धुवा. नळी आणि बॅगेचा जोड उगाच उघडू नका.

आणि प्रत्येक भेटीत डॉक्टरांना विचारा, की नळी अजून लागतेच का. केवळ अंथरूण भिजू नये म्हणून ठेवलेली नळी काढता येते. पुरुषांना बाहेरून लावायचा कंडोम कॅथेटर पुष्कळदा पुरतो.