टिपणसंग्रह

टिपणसंग्रह : रोजच्या जगण्यात सुचणाऱ्या कल्पना, वाचलेले उतारे, ऐकलेली माहिती आणि करायची कामे चटकन टिपून ठेवण्याची व पुढे हवी तेव्हा सापडतील अशी लावण्याची पद्धत. ती कागदावर, संगणकावर, मोबाइलवर आणि बहुधा या सगळ्यांच्या सरमिसळीतून चालते. टिपणे आणि लावणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याला वेग लागतो, दुसऱ्याला सवड. बहुतेक संग्रह बिघडतात ते ही कामे एका दमात उरकू पाहिल्यामुळे.

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गेओर्ग क्रिस्टोफ लिख्टेनबर्ग (१७४२–९९) यांनी हा भेद व्यापाऱ्यांच्या हिशेबावरून मांडला. व्यापारी व्यवहार घडतील तसे कच्च्या वहीत खरडतो, तिथून ते कीर्दीत उतरवतो आणि शेवटी खतावणीत खातेवार लावतो. विद्वानांनीही तसेच करावे, असे त्यांचे म्हणणे होते. स्वतः मात्र ते आयुष्यभर कच्च्या वहीतच रमले, आणि त्यांचे नाव आज मुख्यतः त्या वह्यांमुळेच घेतले जाते.

लावण्याचे प्रयत्न याहून जुने आहेत. स्विस निसर्गवैज्ञानिक कॉनराड गेस्नर यांनी १५४८ मध्ये उतारे कापून सुटे करण्याची आणि त्या पट्ट्या हव्या त्या क्रमाने मांडण्याची युक्ती सांगितली. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी १६८६ मध्ये वहीसाठी सूची सुचवली : शीर्षकाचे पहिले अक्षर आणि त्यानंतरचा पहिला स्वर एवढ्यावरून पान सापडे. विषयांसाठी आधीपासून पाने राखून ठेवण्याची गरज त्यामुळे उरली नाही.

सुट्या कार्डांची पद्धत टोकाला नेली ती समाजशास्त्रज्ञ निक्लास लूमान (१९२७–९८) यांनी. त्यांच्या पेट्यांत सुमारे ९०,००० कार्डे जमली. प्रत्येक कार्डाला कायमचा क्रमांक असे. दोन कार्डांच्या मध्ये नवे घालायचे झाल्यास त्या क्रमांकाला अक्षर किंवा अंक जोडून फांदी काढली जाई, आणि एका कार्डावर दुसऱ्याचा क्रमांक लिहिला की दुवा तयार होई. विषयवार कप्पे पाडण्यापेक्षा हे दुवेच अधिक उपयोगी पडतात, कारण एक कल्पना क्वचितच एका विषयाची असते. आजची दुवे जोडणारी ॲप याच वाटेने जातात. यंत्राच्या बाजूने तसे स्वप्न अमेरिकन अभियंते व्हॅनिव्हर बुश यांनी १९४५ मध्ये ‘मेमेक्स’ या काल्पनिक यंत्रातून रंगवले होते.

कागद लगेच उघडतो, त्यावर बाण आणि आकृत्या सहज काढता येतात, मध्येच नोटिफिकेशन येत नाही. पण त्यात शोध घेता येत नाही. निदान पानांना क्रमांक, तारीख आणि सुरुवातीला अनुक्रमणिका हवी. हाताने लिहिल्याने विषय अधिक समजतो, असे २०१४ मधील एका गाजलेल्या प्रयोगाने दाखवले. पुढे तो प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा फरक तितका ठळक दिसला नाही, तेव्हा त्यावर फार भिस्त ठेवू नये. डिजिटल टिपणात शोध, टॅग, छायाचित्र, आवाजाची नोंद, सगळ्या उपकरणांवर सिंक असे फायदे आहेत. तोटाही तिथेच आहे. साठवणे इतके सोपे होते की न वाचलेल्या लेखांचा ढीग साचतो आणि त्यालाच अभ्यास समजले जाते.

मिश्र पद्धतीत खिशातली छोटी वही किंवा मोबाइलवरचे एकच ‘आवक’ पान टिपण्यासाठी ठेवतात. आठवड्यातून एकदा त्यातले कामाचे तेवढे कायमच्या जागी उतरवतात आणि बाकीचे खोडतात. खोडणे हा या पद्धतीचा सर्वांत टाळला जाणारा भाग. टिपणात संदर्भ हवा : चिठ्ठीवर नुसते ‘जिना!’ लिहिले तर महिन्याभराने ते लिहिणाऱ्यालाही कळत नाही. कुठे, कशावरून सुचले याची एक ओळ पुरते.

टिकाऊपणासाठी साध्या मजकुराच्या फाइल सोयीच्या. ॲप बंद पडले तरी त्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडतात. वहीची पाने अधूनमधून स्कॅन करून ठेवली की तीही शोधाच्या आवाक्यात येतात, मात्र हस्ताक्षर वाचणाऱ्या प्रणाली चुका करतात, म्हणून स्कॅनला हाताने एखादे शीर्षक देणे बरे.