परसातलं झाड सुकतंय? आधी बुंध्याशी बसा

आम्ही घरोघरी जाऊन आजारी झाडं तपासतो. फणसाची फांदी वाळली की फोनवर पहिला प्रश्न असतो, “कुठलं औषध मारू?” आम्ही आलो की आधी बुंध्याशी उकिडवे बसतो. अंगणातले पेव्हर खोडाला भिडवलेत का, भरावाची माती बुंध्यावर चढली आहे का, पागोळीचं पाणी तिथेच तुंबतं का, हे बघतो. बरीचशी दुखणी इथेच सापडतात. मुळं गुदमरली की वरून काहीही फवारा, शेंडा सुकतच जातो. म्हणून खोडाभोवती दोन-तीन फूट तरी जागा मोकळी करा, चढलेली माती हाताने काढा (कुदळ नको, मुळं तुटतात) आणि पाण्याला चर द्या.

आंब्याच्या बुंध्याशी लाकडाचा भुसा दिसला तर भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, लागलाय. भुसा लगेच झाडू नका. त्याच्या वर खोड निरखलं की भोक सापडतं. टोकाला आकडा केलेली तार आत सरकवून अळी ओढून काढायची. पांढरट, बोटाएवढी असते. मग भोक चिखलाने लिंपायचं. आठवड्याने पुन्हा बघा. ताजा भुसा पडला असेल तर आत अजून एक आहे.

फांदी मेली की जिवंत हे नखाने साल खरवडून कळतं: आत हिरवं असेल तर जिवंत. मेलेली फांदी हिरव्या भागापर्यंत उघडिपीत कापा आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (बुरशी रोखणारा लेप) लावा. ती अशी करायची: 100 ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात, प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत भिजवून मग एकत्र ढवळायचं. घासलेला कोयता त्यात बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. पेस्ट त्याच दिवशी संपवा.

बांडगूळ नुसतं ओरबाडलं तर परत फुटतं, फांदीच वीतभर खालून कापावी लागते.

आजारी झाडाला युरियाचा डोस देऊ नका. शेणखत द्यायचंच तर खोडाशी नको, फांद्यांची सावली संपते तिथे द्या.

बोलावण्याआधी बुंध्याचा, भुशाचा आणि शेंड्याचा असे तीन फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. अळी तुमची तुम्हालाच काढता येण्यासारखी असेल तर तसंच सांगू, फेरीचे पैसे वाचतील. खोड पोकळ होऊन झाड घरावर झुकलं असेल, तर ते वाचवायचं काम आम्ही घेत नाही.