स्तुतिगीते, ख्रिस्ती : प्रहर, ऋतू व चाली

ख्रिस्ती सामुदायिक उपासनेत दिवसाच्या ठरावीक प्रहरी आणि चर्चच्या वर्षातील निरनिराळ्या काळांत गायची कडव्यांची गीते. बायबलच्या स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रे यांत मोडत नाहीत. ती शास्त्रवचने असल्याने त्यांचे स्थान वेगळे. संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी स्तुतिगीताला तीन अटी घातल्या : त्यात स्तुती हवी, ती देवाची हवी आणि ती गायिलेली हवी. सगळी कडवी एकाच मापाची असून एकाच चालीवर म्हणायची, हे रचनेचे लक्षण या व्याख्येत येत नाही. पण पुढील इतिहास घडला तो त्यामुळेच. माप सारखे असले की एका गीताचे शब्द दुसऱ्या गीताच्या चालीवर बसतात. त्यामुळे शब्द टिकून चाल बदलणे आणि चाल टिकून शब्द बदलणे या दोन्ही गोष्टी शतकानुशतके होत राहिल्या.

लॅटिनमधील पहिली ज्ञात स्तुतिगीते प्वात्येचे बिशप हिलरी यांची. मात्र ती लांबलचक व बोजड असल्याने उपासनेत रुळली नाहीत. परंपरा खऱ्या अर्थाने सुरू झाली मिलानचे बिशप अँब्रोज (सु. ३४०–३९७) यांच्यापासून. ३८६ मध्ये सम्राज्ञी जस्टिना हिने एरियन पंथीयांसाठी (ख्रिस्त पित्याच्या बरोबरीचा देव नव्हे, असे मानणाऱ्यांसाठी) शहरातील एक बॅसिलिका म्हणजे मोठे चर्च मागितले, तेव्हा लोक बिशपांसह चर्चमध्येच ठाण मांडून बसले. ते कंटाळून खचू नयेत म्हणून ‘पूर्वेकडील रीतीप्रमाणे’ स्तोत्रे व गीते गाण्याचा प्रघात त्या वेळी पडला, असे ऑगस्टीन सांगतात. ही रीत म्हणजे दोन गटांनी आळीपाळीने गाणे, असा अर्थ अनेकांनी लावला आहे. मूळ मजकुरात तसा खुलासा नाही.

अँब्रोज यांचा साचा साधा आहे : आठ कडवी, प्रत्येकी चार ओळी, ओळीत आठ अक्षरे. ‘देउस क्रेआतोर ओम्निउम’ या त्यांच्या सायंगीताची पहिली ओळ घेऊन, तीत ऱ्हस्व व दीर्घ अक्षरे एकाआड एक येतात असे दाखवत ऑगस्टीन यांनी ‘कन्फेशन्स’ मध्ये काळ कसा मोजावा याची चर्चा केली आहे. या पुराव्यावरून काही संपादकांनी सर्वच अँब्रोजीय चाली तीन मात्रांच्या ठेक्यात छापल्या. मात्र ती अक्षरांची मात्रागणना आहे, गायनाचे वर्णन नव्हे. आणि या चालींची स्वरलिपी हस्तलिखितांत मिळते ती दहाव्या-अकराव्या शतकापासूनची. चौथ्या शतकातील चाल जशीच्या तशी हाती आहे असे मानणे म्हणूनच धाडसाचे ठरेल.

कर्तृत्वाबद्दलही सावधगिरी हवी. मध्ययुगात या घाटाच्या कोणत्याही गीताला सरसकट ‘अँब्रोजीय’ म्हणत. ऑगस्टीन यांच्या साक्षीमुळे चार गीते निर्विवाद ठरतात. आणखी दहाएक गीतांच्या बाबतीत अभ्यासकांचा कल अनुकूल आहे.

निर्विवाद चारांपैकी ‘एतेर्ने रेरुम कोंदितोर’ हे पहाटेचे गीत आहे. त्यात कोंबडा आरवतो, खलाशाच्या अंगात बळ येते आणि येशूला नाकारणाऱ्या पेत्राचे पाप धुऊन निघते. प्रहराशी असे घट्ट बांधलेले गीत मठांच्या दिनक्रमाला सोयीचे होते. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत प्रहरांच्या उपासनेतील अशा गीतांना ‘अँब्रोसिआनुम’ असेच नाव आहे. सूर्योदयानंतरचे ‘याम लुकिस ओर्तो सिदेरे’ दिवसभर जिभेला लगाम मागते. निजण्यापूर्वीचे ‘ते लुकिस आंते तेर्मिनुम’ वाईट स्वप्ने आणि रात्रीचे भास दूर ठेवण्याची विनवणी करते.

बायबलबाहेरचे शब्द उपासनेत असावेत काय, हा वाद बराच काळ चालला. ब्रागाच्या धर्मसभेने (सु. ५६१) अशा पद्यांना मनाई केली, तर टोलेडोच्या चौथ्या धर्मसभेने ६३३ मध्ये त्यांची बाजू उचलून धरली. खुद्द रोमने प्रहरांच्या उपासनेत स्तुतिगीते स्वीकारली ती साधारणतः बाराव्या शतकात.

*वर्षचक्र व चाली.* चर्चचे वर्ष आगमनकाळाने, म्हणजे नाताळपूर्वीच्या प्रतीक्षेच्या आठवड्यांनी सुरू होते. पुढे नाताळ, उपवासकाळ, पुनरुत्थानकाळ आणि पेन्टेकॉस्ट (पवित्र आत्म्याच्या अवतरणाचा सण) येतात. आगमनकाळाच्या सायंउपासनेला ‘कोंदितोर आल्मे सिदेरुम’, दुःखसहनाच्या आठवड्यांत ‘वेक्सिल्ला रेजिस’ आणि पेन्टेकॉस्टला ‘वेनी क्रेआतोर स्पिरितुस’ अशी वाटणी ठरून गेली. ‘वेक्सिल्ला रेजिस’ वेनान्तिउस फॉर्तुनातुस यांनी ५६९ मध्ये क्रुसाचा अवशेष प्वात्येला आणला गेला त्या प्रसंगी रचले; इतकी नेमकी तिथी या वाङ्मयात क्वचितच मिळते. ‘वेनी क्रेआतोर’ नवव्या शतकातील राबानुस माउरुस यांच्या नावावर सांगतात. शक्यता बरी आहे, खात्री नाही.

तथापि ऋतू कळतो तो शब्दांपेक्षा चालीने. ‘ते लुकिस’ चे शब्द वर्षभर जवळपास तेच राहतात, पण रोमन रीतीच्या छापील गायनपुस्तकांत त्याला साधे दिवस, रविवार, मोठे सण, आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ, पुनरुत्थानकाळ यांसाठी वेगवेगळ्या चाली दिल्या आहेत. शेवटचे त्रैक्यस्तुतीचे (पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या स्तुतीचे) कडवेही काही काळांत बदलते : नाताळात त्यात कुमारीपासून जन्मलेल्याचा उल्लेख येतो, पुनरुत्थानकाळात मेलेल्यांतून उठलेल्याचा.

याच्या उलट प्रकार पोप आठवे अर्बन यांच्या काळात घडला. १६३२ च्या सुधारित प्रार्थनाग्रंथात जुन्या गीतांची लॅटिन अभिजात छंदांच्या नियमांना जुळवून घेण्यात आली. ‘कोंदितोर आल्मे’ चे ‘क्रेआतोर आल्मे’ झाले आणि ते जवळजवळ नवेच गीत बनले. चाल मात्र जुनीच राहिली. बेनेडिक्टाइन, सिस्टर्शियन आणि डॉमिनिकन संघांनी ही सुधारणा स्वीकारली नाही. ‘लॅटिन आली, भक्ती गेली’ असा शेरा त्या वेळेपासून प्रचलित आहे. १९७१ च्या रोमन प्रार्थनाग्रंथात जुने पाठ बऱ्याच अंशी परत आले.

पूर्वेकडील चर्चमध्ये चक्र वेगळे आहे. तेथे आठ स्वरप्रकार आठवड्यागणिक पाळीपाळीने येतात. ही व्यवस्था दमास्कसचे संत योहान यांची मानतात, पण तिची मुळे त्यांच्याआधीची असावीत. ‘फॉस हिलारोन’ हे ग्रीक दीपगीत चौथ्या शतकात संत बेसिल यांनाही जुनेच वाटत होते.

धर्मसुधारणेच्या काळात चाली लोकभाषांत उतरल्या. अँब्रोज यांच्या ‘वेनी रेदेम्प्तोर जेन्तिउम’ चे ल्यूथर यांनी १५२४ मध्ये जर्मन रूपांतर केले. आठ अक्षरांची ओळ सातांची झाली, तशी चालही छाटली गेली. याच आगमनगीतावर बाख यांनी १७१४ व १७२४ मध्ये दोन कँटाटा (गायन व वाद्यवृंदाच्या अनेक भागांच्या रचना) रचले. जिनिव्हात केवळ स्तोत्रांची पद्यरूपे मान्य होती; तेथील संपूर्ण स्तोत्रपुस्तक १५६२ मध्ये निघाले. त्यातील १३४ व्या स्तोत्राची चाल इंग्लंडात १०० व्या स्तोत्राला लागली आणि ‘ओल्ड हंड्रेड्थ’ म्हणून जगभर गेली. टॉमस टॅलिस यांनी सु. १५६७ च्या एका स्तोत्रपुस्तकासाठी केलेली चाल पुढे बिशप टॉमस केन यांच्या सायंगीताला चिकटली. तीत वरचा आवाज आणि टेनर (पुरुषांचा उंच आवाज) तीच चाल चार ठोक्यांच्या अंतराने गातात.

*‘वेनी इमॅन्युएल’ चा प्रश्न.* या आगमनगीताचा गाभा १७ ते २३ डिसेंबरच्या सायंउपासनेतील, ‘ओ’ या संबोधनाने सुरू होणाऱ्या सात ध्रुवपदांचा आहे. ध्रुवपदे प्राचीन असली, तरी त्यांचे पद्यरूप बाराव्या शतकातील असल्याच्या विधानाला आधार नाही. त्याची सर्वांत जुनी ज्ञात छपाई १७१० ची आहे. जॉन मेसन नील यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर १८५१ मध्ये केले. आजची चाल टॉमस हेलमोर यांनी १८५४ मध्ये छापली आणि ती लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील एका फ्रेंच ग्रंथातून घेतल्याचे नमूद केले. तो ग्रंथ कोणाला सापडला नाही. त्यामुळे चाल हेलमोर यांनीच रचली असावी, असा संशय बळावला. १९६६ मध्ये संगीताच्या अभ्यासक मेरी बेरी यांना पॅरिसमध्ये पंधराव्या शतकातील एक हस्तलिखित आढळले. त्यात हीच चाल आहे, पण आगमनकाळाची नव्हे, तर अंत्यविधीच्या मिरवणुकीतील कडव्यांची. हेलमोर यांच्यावरील संशय त्याने फिटतो. तारकाची वाट पाहणारे शब्द आणि मृताला निरोप देणारी चाल यांची गाठ एकोणिसाव्या शतकात पडली, असे मानणे सर्वांत सयुक्तिक दिसते.

१८६१ च्या ‘हिम्स एन्शंट अँड मॉडर्न’ या संग्रहाने आधी प्रहर आणि मग वर्षचक्र असा क्रम इंग्रजी गीतपुस्तकांत रूढ केला. हेन्री फ्रान्सिस लाइट यांच्या सायंगीताला विल्यम हेन्री मंक यांची ‘इव्हेंटाइड’ ही चाल याच संग्रहात मिळाली.

पेन्टेकॉस्टनंतरच्या लांबलचक सामान्य काळाला सणाची गीते थोडी. तेथे वार गीत ठरवतो : जुन्या रोमन क्रमात रविवारच्या सायंउपासनेचे गीत प्रकाशाच्या निर्मितीचे, सोमवारचे जल व आकाशाचे, मंगळवारचे भूमीचे, बुधवारचे सूर्यचंद्रांचे, गुरुवारचे जलचर व पक्ष्यांचे, शुक्रवारचे मानवाचे आणि शनिवारचे त्रैक्याचे.