परतीचे स्थलांतर (बडोदे)

परदेशात काही वर्षे राहून माणूस कायमचा मायदेशी येतो, त्याला परतीचे स्थलांतर म्हणतात. घर, काम, शाळा, शेजार, बँक आणि सरकारी ओळख या सगळ्यांत त्याची पुन्हा घडी बसणे म्हणजे पुनर्स्थापन. पहिली गोष्ट विमानतळावर पूर्ण होते, दुसरी काही वर्षे चालते. बडोद्यात 'कायमचे आलो' असे म्हणतात, त्यात या दोन्ही गोष्टी येतात. दुसरीचा अंदाज मात्र बहुतेकांना नसतो.

प्रत्येक स्थलांतराच्या प्रवाहाला उलटा प्रवाह असतो, हे स्थलांतराचे अभ्यासक रॅव्हेनस्टाइन यांनी १८८५ मध्येच मांडले होते. समाजशास्त्रज्ञ चेरासे यांनी अमेरिकेतून इटलीत परतलेल्यांचा अभ्यास करून १९७४ मध्ये चार प्रकार सांगितले: तिकडे जम बसला नाही म्हणून, जुन्या जीवनाच्या ओढीने, निवृत्तीसाठी आणि नवे काही उभारण्यासाठी परतणारे. हद्दपारी, युद्ध किंवा नोकरी जाणे यांमुळे नाइलाजाने आलेल्यांचा वर्ग वेगळा. १९७२ मध्ये हुकूमशहा इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना ९० दिवसांची मुदत दिली आणि १९९० मध्ये कुवेतवरील इराकच्या आक्रमणानंतर सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना विमानांनी आणावे लागले. अशा माणसांना पुढे दिलेली तयारी करायला वेळच मिळत नाही.

बडोद्याच्या इतिहासात या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण १९१७ चे आहे. तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांची, दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. पुढे लंडनचे शिक्षण अर्धवट ठेवून ते सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्यात रुजू झाले. पदवी होती, पगार होता, खुद्द महाराजांचा पाठिंबा होता; राहायला मात्र जागा मिळेना. परदेशात जात कोणी विचारली नव्हती, इथे स्टेशनावर उतरल्यापासून तोच प्रश्न समोर आला. एका पारशी पथिकाश्रमात पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना तिथून बाहेर काढले. हिंदू आणि ख्रिस्ती मित्रांच्या घरीही सोय झाली नाही. कमाटीबागेत बसून त्यांनी मुंबईच्या गाडीची वाट पाहिली. तीच जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. पुनर्स्थापनाची सगळी जबाबदारी परतणाऱ्याच्या 'जुळवून घेण्यावर' टाकणारी मांडणी या एका घटनेपुढे टिकत नाही. आजही एकट्या परतलेल्या किंवा घटस्फोटित स्त्रीला भाड्याचे घर शोधताना याच भिंतीचा दुसरा भाग भेटतो.

निघण्याआधीची कामे निघण्याआधीच उरकावी लागतात, कारण इथून ती दुपटीने महाग आणि कधी अशक्य होतात. मुलाचा जन्मदाखला, विवाहनोंद, पदव्या आणि अनुभवाची पत्रे यांवर त्या त्या देशात अपोस्टिल शिक्का (दुसऱ्या देशात कागद खरा मानला जावा म्हणून केलेले साक्षांकन) घ्यावा; भारतात तो २००५ पासून चालतो. संयुक्त अरब अमिराती अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात नसल्याने तिथली कागदपत्रे तिथले परराष्ट्र खाते आणि भारतीय दूतावास यांच्याकडून साक्षांकित करून आणावी लागतात. आखाती नोकरीत शेवटचा हिशेब आणि सेवासमाप्तीची रक्कम हातात पडल्याशिवाय व्हिसा रद्द होऊ देऊ नये. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीची पेन्शन ४० क्रेडिट, म्हणजे साधारण दहा वर्षांचे काम झाल्यावर मिळते आणि भारताशी तिचा करार नसल्याने इथली वर्षे त्यात धरत नाहीत. नऊ वर्षांवर परतणाऱ्याने हे गणित आधी मांडावे. ब्रिटनची सरकारी पेन्शन भारतात मिळते, पण तिची वार्षिक वाढ थांबते. सुरुवातीचाच आकडा आयुष्यभर राहतो.

आरोग्यविम्याचा विसर सर्वांना पडतो. तिकडचा विमा नोकरीबरोबर किंवा रहिवासाबरोबर संपतो आणि इथल्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. पन्नाशीनंतर मधुमेह घेऊन परतणाऱ्याने वर्ष-दोन वर्षे आधीच पॉलिसी सुरू केलेली बरी.

पैशाच्या बाबतीत सर्वांत मोठा गोंधळ 'निवासी' या एकाच शब्दाच्या दोन व्याख्यांतून होतो. परकीय चलन कायद्यानुसार कायमचे राहायला आलेला माणूस उतरल्या दिवसापासून निवासी असतो. म्हणून एनआरई (परदेशी कमाईचे) आणि एनआरओ (भारतातल्या उत्पन्नाचे) ही अनिवाशांची खाती लगेच निवासी खात्यांत बदलून घ्यावी लागतात. एफसीएनआर, म्हणजे अनिवाशाची परकीय चलनातली ठेव, मुदतीपर्यंत चालते. डॉलर-पौंड तसेच ठेवायचे तर आरएफसी, म्हणजे निवाशाचे परकीय चलन खाते उघडावे. बडोद्यात वर्षानुवर्षे एनआरई खाते तसेच चालवणारे पुष्कळ आहेत. दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो आणि व्याजावरची करमाफीही उरत नाही. बाहेर असताना घेतलेले घर, शेअर किंवा खाते तिथेच ठेवायला मात्र मुभा आहे.

प्राप्तिकर दिवस मोजतो. आर्थिक वर्षात १८२ दिवस भरले की निवासी. लीप वर्ष नसेल तर १ ऑक्टोबरला उतरल्यास ३१ मार्चपर्यंत बरोबर १८२ दिवस होतात, एक दिवस उशिरा आल्यास १८१. पण जूनमध्ये बडोद्याच्या गोत्री भागात फ्लॅट बघायला येऊन गेलेले वीस दिवसही त्याच वर्षात मोजले जातात आणि इथेच हिशेब चुकतो. आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात काढले असतील, तर १८२ ऐवजी ६० दिवसांचीही कसोटी लागू शकते. निवासी झाल्यावर, आधीच्या दहांपैकी नऊ वर्षे अनिवासी असल्यास किंवा सात वर्षांत भारतातले दिवस ७२९ पर्यंतच असल्यास, 'निवासी पण सामान्यतः निवासी नसलेला' हा मधला दर्जा मिळतो. त्या काळात परदेशातल्या उत्पन्नावर बहुधा इथे कर लागत नाही. दीर्घकाळ बाहेर राहिलेल्याला ही सवलत साधारण दोन वर्षे मिळते. ती संपली की परदेशी मालमत्ता विवरणपत्रात दाखवावीच लागते, न दाखवल्यास दहा लाख रुपये दंड होऊ शकतो.

परदेशी पासपोर्टच्या मुलांसाठी ओसीआय (भारताचे परदेशस्थ नागरिक) कार्ड पुरेसे आहे. त्यावर शाळा चालते, वैद्यकीय प्रवेशात मात्र ही मुले सहसा एनआरआय जागांत धरली जातात. आधारसाठी भारतीय पासपोर्टधारकाला थांबावे लागत नाही. ओसीआयधारकाने आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहिलेले असावे लागते.

बडोद्यातल्या मराठी कुटुंबाचा खरा कस भाषेत लागतो. २०२३ च्या गुजरात कायद्याने पहिली ते आठवी गुजराती सर्व शाळांत सक्तीची आहे. टोरांटोहून आलेल्या पाचवीतल्या मुलाला वर्गात गुजराती आणि हिंदी, पुस्तकात इंग्रजी, दांडिया बाजारातल्या आजीकडे मराठी, अशा चार भाषा एकदम भेटतात. राज्याबाहेरून आलेल्यांना सूट मागण्याची तरतूद कायद्यात आहे, तरी ती कायमची घेऊ नये. अंगणातला खेळ गुजरातीतच चालतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत येऊन जूनमध्ये शाळा सुरू करणे सर्वांत सोपे. वर्षाच्या मध्यात आणल्यास लिपी आणि मित्र दोन्ही एकदम शिकावे लागतात.

मोठ्यांची अडचण उशिरा दिसते. पहिले काही महिने पाहुणचारात जातात, मग रहदारी, ओळखीशिवाय न हलणारी कामे आणि 'तिकडे असं असतं' हे वाक्य यांनी घर कंटाळते. गलाहॉर्न या संशोधक दांपत्याने १९६३ मध्ये परदेशवासाच्या चढउताराला परतल्यानंतरची दुसरी दरी जोडून डब्ल्यू आकाराचा आलेख मांडला, तो याच अनुभवाचा. परदेशी डॉक्टर-पदवीला परीक्षा आणि इंटर्नशिप लागते; इतर पदव्यांच्या समकक्षतेसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२५ चे नियम आहेत. बडोद्याजवळच्या पादरा किंवा सावली तालुक्यात शेती करण्याचा बेत असेल, तर गुजरातमध्ये शेतकरी खातेदार नसलेल्याला शेतजमीन सहसा विकत घेता येत नाही, हे बयाणा देण्यापूर्वी तपासावे.

हद्दपार होऊन आलेल्यांची स्थिती सर्वांत कठीण. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने अमृतसरला आणलेल्या १०४ भारतीयांत ३३ गुजरातचे होते. बेकायदा मार्गाने पाठवणाऱ्या एजंटाला दिलेली रक्कम बहुधा गहाण जमिनीवर किंवा नातेवाइकांकडून उचललेली असते, त्यामुळे माणूस परतल्या दिवसापासून कर्जदार आणि गावात चर्चेचा विषय होतो. आधी सावकार आणि नातेवाइकांसमोर कर्जाची लेखी यादी करावी, एजंटाच्या पावत्या, बँक नोंदी आणि संदेश जपून पोलिसांत तक्रार द्यावी. नोंदणी नसलेला एजंट १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली गुन्हेगार ठरतो. अमेरिकेत पुन्हा जाण्यावर प्रकरणानुसार पाच, दहा किंवा वीस वर्षांची बंदी येते. 'दुसऱ्या मार्गाने पाठवतो' म्हणणारा तोच एजंट महिन्याभरात दारात येतो, तेव्हा हा आकडा घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवा.