शिष्यवृत्तीचे पैसे आणि आयकर: साताऱ्यातून मागे वळून पाहताना

जुलै लागला की पोवई नाक्याजवळच्या माझ्या टेबलासमोर कॉलेजची मुलं पासबुक घेऊन येतात. परवा एका मुलीने तीन नोंदींवर बोट ठेवलं. महाडीबीटीवरून, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवरून, आलेली शिष्यवृत्ती, वसतिगृहाचा निर्वाह भत्ता आणि ‘कमवा आणि शिका’चे, म्हणजे शिकता शिकता कॉलेजात केलेल्या कामाचे पैसे. “सर, हे सगळं उत्पन्नात धरायचं का?” एका ठिकाणी तिला तिन्हींची बेरीज करून रिटर्न भरायला सांगितलं होतं. घाबरलेली होती बिचारी.

तिच्या प्रश्नाचं उत्तर 1961 च्या आयकर कायद्यात एका ओळीत आहे. कलम 10(16): शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती करमुक्त. रकमेला मर्यादा नाही, आणि पैसे सरकारनेच दिले पाहिजेत असंही नाही. ‘शिक्षणाचा खर्च’ म्हणजे नुसती फी नव्हे, शिकण्यासाठी लागणारा आनुषंगिक खर्चही त्यात येतो, असा अर्थ न्यायालयांनी पुढे लावला. नव्या करप्रणालीत अनेक सवलती गेल्या, ही राहिली. 2025 च्या नव्या कायद्यात ती परिशिष्टात गेली, इतकंच. अमेरिकेत 1986 च्या सुधारणेनंतर शिष्यवृत्तीतला राहण्या-जेवणाचा भाग करपात्र झाला. तिकडे शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

पण साताऱ्यात बसून या ओळीचा विचार केला की मन फार मागे जातं. 7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमराव आंबेडकरांचं नाव इथल्या राजवाड्यातल्या शाळेत दाखल झालं. पुढे 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना कोलंबियासाठी तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. करारात अट होती: शिकून आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. आणि 1944 मध्ये, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेब असताना, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. महाडीबीटीवरची आजची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती तिथूनच चालत आलेली आहे.

दुसरी वाट भाऊराव पाटलांची, म्हणजे अण्णांची. 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली, 1924 मध्ये साताऱ्यात आली. छत्रपती शाहू बोर्डिंगमध्ये सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत. पैसे संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. पण अण्णांचा हट्ट होता की मुलाने शेतात, रस्त्यावर घाम गाळून शिकावं, कुणाच्या उपकारावर नको. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे वाक्य साताऱ्याच्या पोरांना आजही पाठ असतं.

1959 मध्ये, अण्णा गेले त्याच वर्षी, देवराष्ट्र्यात जन्मलेल्या यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने ठरावीक मर्यादेच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना फीमाफी दिली. ‘ईबीसी’ (आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) सवलत म्हणून ती घरोघरी माहीत झाली. तेव्हापासून तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आपल्या मागे लागला. आजचा बराच गोंधळ त्यातूनच होतो. दाखल्यावर कुटुंबाचं उत्पन्न असतं, रिटर्नमध्ये सज्ञान विद्यार्थ्याचं स्वतःचं.

कायदा पैशाचं नाव पाहत नाही, पैसे कशासाठी दिले ते पाहतो. शिकण्यासाठी दिले तर सूट. कामाच्या बदल्यात दिले तर ते उत्पन्न, मग त्याला स्टायपेंड म्हणा की मानधन. वाद होतात ते मधल्या जागी, जिथे काम आणि शिक्षण एकमेकांत मिसळलेलं असतं, जसं डॉक्टरकीच्या इंटर्नशिपमध्ये. शिष्यवृत्ती मुदत ठेवीत टाकली तर तिचं व्याजही उत्पन्नातच येतं.

मुलीच्या पासबुकावर मी पहिल्या दोन नोंदींना पेन्सिलने फुली मारली. तिसरीखाली रेघ ओढली, बचत खात्याचं व्याज त्यात मिळवलं. बेरीज काही हजारांत आली, आणि नव्या प्रणालीत 2025-26 पासून 4 लाखांपर्यंत कर नाही. मुलीने पासबुक मिटलं आणि विचारलं, “मग हे कामाचे पैसे माझी कमाई म्हणायची ना?” हो म्हटल्यावर पहिल्यांदाच हसली.