बगळ्याला उभ्या उभ्या पाय दिसतात

आचऱ्याच्या खाडीत ओहोटी लागली की तिवरांच्या मुळांशी हमखास एक समुद्री बगळा उभा असतो. पाटीसारखा काळपट राखाडी, गळ्याशी चुन्याचं बोट लागल्यासारखा पांढरा, पाय काळे आणि पावलं मात्र पिवळी. तीन हिवाळे मी त्याचीच चित्रं काढतोय. यंदा म्हटलं, बगळा पुरे झाला, त्याला दिसणारी खाडी काढू. कागद आडवा लावला: वर आकाश, मध्ये तिवरं, खाली चिखल. तिथेच घोळ झाला.

कागद आडवा धरावासा वाटतो तो माणसाला. ग्रॅहम मार्टिन आणि गॅडी कॅत्झिर या पक्षीशास्त्रज्ञांनी 1994 साली बगळ्यांची नजर मोजली, त्यात हा समुद्री बगळाही होता. दोन्ही डोळ्यांना एकदम दिसणारा त्याचा पट्टा रुंदीला चिंचोळा, पण उंचीला जवळजवळ 170 अंश. चोच समोर रोखून उभा असतानाही त्याला चोचीखालचं पाणी आणि स्वतःची पावलं दिसतात. आपल्याला त्यासाठी मान वाकवावी लागते, आणि मान हलली की मासा पसार! म्हणून कागद उभा केला आणि तळाशी दोन पिवळी पावलं रंगवली.

मग मासा. पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो, त्यामुळे 20 सेंटिमीटर खोल असलेला मासा सरळ वरून पाहिला तरी 15 सेंटिमीटरवर भासतो. तिरकं पाहिलं की तो आणखी वर उचलल्यासारखा दिसतो. पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकायला येणाऱ्या एका आजोबांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक आहे: "मासो दिसता थंय नसता, खाली आसता." बगळ्यालाही ठाऊक आहे, कारण पाण्याखालच्या माशावर तिरकी झडप घालूनही त्याचा नेम सहसा चुकत नाही. हे कॅत्झिर यांनी आधीच, याच जातीच्या बगळ्यावर, तपासलं होतं. मला प्रश्न वेगळाच पडला. बगळ्याला मासा दिसतो कुठे, खोटा वर की खरा खाली? डोळ्यावर पडणारी प्रतिमा तर खोटीच, दुरुस्ती नंतरची. शेवटी मी वरचा काढला.

रंगांचं तर बोलूच नये. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या, पक्ष्यांच्यात चार. शिवाय त्यांच्या शंकुपेशींत तेलाचे रंगीत थेंब असतात, ते गाळणीसारखं काम करून छटा वेगळ्या करतात. मालवणच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात कुरव, म्हणजे सीगल, उतरतात. त्यांची चौथी शंकुपेशी थेट आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाश टिपते. आणि मी त्यांची पांढरी छाती रंगवतो ती टायटॅनियम व्हाइटने! हेच टायटॅनियमचं संयुग सनस्क्रीनमध्ये घालतात, ते अतिनील किरण शोषून घेतं म्हणून. म्हणजे मला शुभ्र वाटणारा तो रंग कुरवाच्या लेखी एक घटक कमी पडलेला, बहुधा रंगीतच. माझ्या पेटीत यावर इलाज नाही. बगळा काळपट आहे हे माझं नशीब.

परवा चित्र वाळत ठेवलं होतं. आजोबा पाग खांद्यावर टाकून वाकले.

"ह्ये पाय कोणाचे?"

"बगळ्याचे."

त्यांनी ओल्या बोटाने मासा दाखवला, रंग थोडा पुसलाच. "आणि ह्यो? थंय दिसतलो, पण हातात गावाचो नाय."